सुनेनं लिहिलेलं घर

जळगावची केळी आपण सगळ्याच खातो. बसराई म्हणा, ग्रँड नैन म्हणा, ही सगळी 'कॅव्हेंडिश' कुळातली. हे कॅव्हेंडिश म्हणजे इंग्लंडातलं एक बडं सरदार घराणं. डर्बीशायरमध्ये चॅट्सवर्थ नावाचा त्यांचा महाल आहे. तिथल्या काचेच्या उबदार घरात १८३० च्या सुमारास मॉरिशसकडून आलेलं केळीचं रोप जोसेफ पॅक्स्टन या मुख्य माळ्यानं वाढवलं, त्याला फळ आणलं. नाव मात्र लागलं मालकाचं. मालक होते डेव्हनशायरचे सहावे ड्यूक, विल्यम कॅव्हेंडिश. वाढवलं एकानं, नाव दुसऱ्याचं. या घराण्याच्या घरांविषयी वाचायला बसलात तर ही केळीची गोष्ट लक्षात असू द्या, पुढं उपयोगी पडते.

चॅट्सवर्थवर एक पुस्तक आहे, 'द हाउस'. १९८२ साली निघालं. लिहिणाऱ्या डेबोरा या अकराव्या ड्यूकांच्या पत्नी, म्हणजे त्या घरच्या सूनबाई. माहेर मिटफर्डांचं, सहा बहिणींतल्या त्या सगळ्यात धाकट्या. पुस्तकाची मांडणी जरा वेगळी आहे. सहाव्या ड्यूकांनी १८४५ साली चॅट्सवर्थ आणि हार्डविक या आपल्या दोन घरांची माहिती सांगणारं एक पुस्तक खासगीत छापून घेतलं होतं. ते लिहिलंय पत्रासारखं, बहीण हॅरिएट हिला उद्देशून. डेबोराबाई त्याचे उतारे घेतात आणि त्यांना आपलं सांगणं जोडतात. आधी भाऊ बहिणीला घर दाखवतो आणि मग सुमारे एकशे पस्तीस वर्षांनी सून तेच घर आपल्याला दाखवते. एकाच पुस्तकात दोन आवाज, एक घरात जन्मलेल्याचा आणि एक लग्न होऊन आलेलीचा.

यातला सुनेचा आवाज पुस्तकाची खरी कमाई आहे. मोठ्या घरांवर लिहिणारे बहुतेक जण चित्रं, पुतळे, छतं आणि राजेरजवाडे यांच्यातच रमतात. डेबोराबाई दारं मोजतात, जिने मोजतात, बोळांची लांबी सांगतात, दिवे किती लागतात तेही सांगतात. छप्पर एकराहून मोठं आहे, हा आकडा पाहुण्याला मौजेचा वाटतो; छपराची डागडुजी जिला करून घ्यायची असते, तिला तो पोटात गोळा आणणारा वाटतो. पाहुणा मान वर करून रंगवलेलं छत बघतो, घरची बाई त्याच छतावर ओल कुठं आलीय ते बघते. ही नजर या पुस्तकाला आहे, आणि ती कुठल्या इतिहासकाराकडून उसनी मिळणारी नव्हे.

ती नजर कशी तयार झाली हेही समजून घ्यायला हवं. १९४१ साली लग्न होऊन डेबोराबाई या घराण्यात आल्या त्या धाकट्या मुलाची बायको म्हणून. महाल थोरल्याला जायचा होता. १९४४ साली थोरला भाऊ बेल्जियममध्ये लढाईत पडला आणि वारसा धाकट्याकडे आला. मग १९५० साली सासरे, दहावे ड्यूक, अचानक वारले. त्यांनी इस्टेट आधीच मुलाच्या नावे करायला घेतली होती. पण कर वाचायचा तर देणाऱ्यानं पाच वर्षं जगायला हवं, असा कायदा होता. ती मुदत पुरी व्हायला काही आठवडेच कमी पडले. कर बसला ऐंशी टक्के! हजारो एकर जमीन गेली, होल्बाइन, रुबेन्स, रेम्ब्रांट यांची कामं सरकारजमा झाली, हार्डविकचं घर १९५६ साली सरकारला दिलं गेलं आणि तिथून ते नॅशनल ट्रस्टकडे आलं. हिशेब पुरा मिटायला सत्तरचं दशक उजाडलं.

घराची अवस्था काय होती? लढाईच्या काळात तिथं वेल्समधली एक मुलींची शाळा येऊन राहिली होती, पेनऱ्होस कॉलेज. राजाराणीसाठी सजवलेल्या दालनांत ओळीनं खाटा टाकून मुली झोपत. १९४६ साली शाळा गेली आणि महाल बंद, थंड, धुळीनं भरलेला राहिला. पुढं हंगेरीहून आलेल्या दोघी बहिणींनी पूर्व युरोपातल्या आणखी बायका हाताशी घेऊन तो घासून पुसून काढला, तेव्हा कुठं १९४९ साली लोकांसाठी दारं पुन्हा उघडली. डेबोराबाई आणि अँड्र्यू तिथं राहायला गेले १९५९ साली. १९७७ साली शेतमालाचं दुकान निघालं. १९८१ साली एक चित्र आणि इतर काही चिजा विकून ट्रस्ट उभा राहिला. आता घराण्यातली माणसं राहत्या खोल्यांचं भाडं त्या ट्रस्टला भरतात. म्हणजे 'द हाउस' हे पुस्तक आलं ते घर वाचवण्याच्या धडपडीतून. तेव्हा त्यात अभिमान असणार, आणि तिकिटं खपावीत हा हेतूही असणार. त्यात गैर काही नाही. फक्त वाचणारीनं ते विसरू नये, इतकंच.

माझं भांडण आहे ते पुस्तकाच्या चालण्याच्या वाटेशी. पुस्तक चालतं खोलीमागून खोली. दिवाणखाना झाला, आता जेवणघर, मग ग्रंथालय, मग बाग. सहाव्या ड्यूकांनी वाट घालून दिली, सूनबाई त्याच वाटेनं गेल्या. अशा वाटेनं भिंतीच्या आत काय आहे ते सगळं दिसतं. पण ही घरं एका घराण्याकडे इतकी जमली कशी, हा प्रश्न कुठल्याच खोलीत मावत नाही. कॅव्हेंडिशांकडे एक चॅट्सवर्थ नव्हतं हो! हार्डविक होतं, लंडनमध्ये डेव्हनशायर हाउस आणि बर्लिंग्टन हाउस होतं, लंडनजवळ चिझिक, यॉर्कशायरमध्ये बोल्टन अ‍ॅबी आणि लाँड्सबरो, आयर्लंडात लिस्मोरचा किल्ला, समुद्रकाठी ईस्टबोर्नला कॉम्प्टन प्लेस. 'ड्यूकसाहेबांची घरं' असं सगळे म्हणतात. आणली कुणी, ते एकेक करून बघू या.

चॅट्सवर्थपासूनच सुरुवात करू. हार्डविकची बेस ही डर्बीशायरच्या साध्या जमीनदाराची मुलगी. चार लग्नं झाली तिची. दुसरा नवरा सर विल्यम कॅव्हेंडिश. त्यानं १५४९ साली, बायकोच्या मुलखात, चॅट्सवर्थची जमीन घेतली आणि १५५२ साली दोघांनी बांधकाम काढलं. १५५७ साली तो वारला. घर पुढं नेलं बेसनं. चौथा नवरा अर्ल ऑफ श्रूजबरी. स्कॉटलंडच्या कैदी राणी मेरीला सांभाळायचं काम त्याच्या गळ्यात पडलं होतं, आणि बेस नि मेरी शेजारी बसून भरतकाम करत. पुढं नवराबायकोचं पैशांवरून फाटलं. १५९० साली अर्ल वारला; त्याच सुमाराला बेसनं हार्डविकला नवा वाडा बांधायला काढला होता. साठी उलटलेली बाई! बुरुजांच्या माथ्यावर दगडात कोरून तिनं आपली अक्षरं लावली: 'ई' आणि 'एस', एलिझाबेथ श्रूजबरी. १६०१ साली घरातल्या जिनसांची यादी करवली आणि भरतकामाचे पडदे, तक्क्ये, बिछायती याच घरात राहाव्यात अशी मृत्युपत्रात तजवीज केली. त्यातलं पुष्कळसं आजही तिथं आहे. जगाच्या पाठीवर इतकं जुनं घरगुती भरतकाम एका जागी क्वचितच सापडेल. या घराण्याच्या सगळ्या घरांत बाईचं नाव उघड्यावर, छपरावर लागलंय ते या एकाच घराला. आणि ते लागलं ती विधवा होऊन आपल्या मिळकतीची मालक झाली तेव्हा.

कारण नवरा असताना इंग्रज बाईची मालकी नसल्यातच जमा होती. लग्न झालं की तिचा जंगम माल नवऱ्याचा, जमिनीचं उत्पन्नही त्याच्याच हाती. मोठ्या घरांत लग्नाआधी करार करून काही तजवीज ठेवत, पण कायदा बदलला तो १८७० आणि १८८२ साली. आपल्याकडे निदान भावाला बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घ्यावी लागते, तिथं तेवढंही लागत नव्हतं. थोरला मुलगा सगळं घेई.

मग मुलगा नसला की काय होई, त्याचं उदाहरण शार्लट बॉइल. बर्लिंग्टनचे तिसरे अर्ल हे मोठे हौशी वास्तुकार. चिझिकचं सुरेख घर त्यांचंच. त्यांना मुलगा नव्हता. जगलेली एकटी मुलगी म्हणजे शार्लट. १७४८ साली, सोळाव्या वर्षी, तिचं लग्न कॅव्हेंडिशांच्या थोरल्या मुलाशी झालं. १७५३ साली वडील गेले. १७५४ साली ती स्वतः गेली, वय तेवीस. चार लेकरं मागे. नवरा ड्यूक झाला तो पुढच्या वर्षी, म्हणजे बिचारीला डचेस म्हणवून घेणंही लाभलं नाही. पण तिच्यामुळं तिच्या मुलाकडे काय काय आलं? चिझिक, बर्लिंग्टन हाउस, लाँड्सबरो, बोल्टन अ‍ॅबी आणि लिस्मोर. पाच घरं! मुलगी म्हणजे परक्याचं धन, असं आपण म्हणतो. इथं मुलीच्या ओटीतून धनच परक्याच्या घरी गेलं.

आणखी एक पदर आहे. बोल्टन अ‍ॅबी आणि लाँड्सबरो बॉइलांचं तरी मूळचं कुठं होतं? ते होतं क्लिफर्डांचं. १६३४ साली एलिझाबेथ क्लिफर्ड बॉइलांच्या घरात लग्न होऊन आली, तिच्याबरोबर ते आलं. म्हणजे मुलीच्या हातून एकदा गेलं आणि पुन्हा मुलीच्याच हातून पुढं सरकलं. कॉम्प्टन प्लेसही तसंच. एलिझाबेथ कॉम्प्टननं १७८२ साली धाकट्या पातीतल्या लॉर्ड जॉर्ज कॅव्हेंडिशांशी लग्न केलं. तिचा नातू सातवा ड्यूक झाला आणि घर मुख्य घराण्यात आलं. खरं सांगायचं तर लंडनचं डेव्हनशायर हाउस तेवढं पुरुषांच्या पैशानं घेतलेल्या जागेवर उभं होतं, आणि तेच १९२४ साली पाडलं गेलं.

शार्लटच्या घरांचं पुढं काय झालं तेही बघा. लाँड्सबरोचा जुना वाडा तिच्याच नातवानं पाडला आणि १८४५ साली ती सगळी इस्टेट एका रेल्वेवाल्या धनिकाला विकली. बर्लिंग्टन हाउस १८५४ साली सरकारनं घेतलं. चिझिक काही वर्षं मनोरुग्णांसाठी भाड्यानं दिलं आणि १९२९ साली विकलं. माहेरचं आलेलं आधी विकायचं, मूळ घराण्याचं शेवटपर्यंत धरून ठेवायचं, असा कुणी नियम केला नव्हता. पण झालं मात्र बरंचसं तसंच.

हा नातू म्हणजेच आपले सहावे ड्यूक, बहिणीला पत्रातून घर दाखवणारे. त्यांची आई जॉर्जियाना. सतराव्या वाढदिवशी लग्न होऊन आलेली. तिचं रूप, तिचं राजकारण, तिचा जुगार आणि तिची कर्जं यांवर सिनेमेही निघाले. तिची पहिली जबाबदारी होती मुलगा देण्याची. लग्न १७७४ चं. १७८३ साली मुलगी झाली, १७८५ साली दुसरी मुलगी. १७९० साली मुलगा झाला, तेव्हा घराण्यानं सुटकेचा श्वास सोडला. ती दुसरी मुलगी म्हणजे हॅरिएट. भावापेक्षा पाच वर्षांनी मोठी. घरं सगळी भावाला. भाऊ जन्मभर अविवाहित राहिला आणि बहिणींवर त्याची माया होती यात शंका नाही. ते पत्रही मायेनंच लिहिलंय. तरी थोडं थांबून विचार करा. जिचं बालपण या घरात गेलं, तिला धाकटा भाऊ घर समजावून सांगतोय. इथं मी हे बदललं, तिथं मी नवं बांधलं. ड्यूकसाहेबांची लेखणी खेळकर आहे, स्वतःवर हसायची तयारीही तिच्यात आहे. पण 'मी' हा शब्द त्यांना कुठं अडत नाही. डेबोराबाईंनी या पत्राला इतकी हौसेनं साथ दिली. बहिणीच्या बाजूनं एखादा प्रश्न विचारला असता तर पुस्तकाला वजन आलं असतं.

त्याच पत्रात माळीबुवा पॅक्स्टन यांचा एक मजेदार मजकूर आहे. १८२६ साली पहाटे साडेचारला ते चॅट्सवर्थला कामावर पोचले. कुंपण चढून आत गेले, बाग पालथी घातली, माणसांना कामाला लावलं, मग घर सांभाळणाऱ्या बाईंबरोबर न्याहारी केली आणि त्यांच्या भाचीच्या, सेराच्या, प्रेमात पडले, ती त्यांच्या. नऊ वाजायच्या आत! वाचून हसू येतं. पण सेरा त्या सकाळच्या कामांच्या यादीत शेवटची नोंद म्हणून येते हेही दिसतं. पुढं पॅक्स्टन धन्याबरोबर देशोदेशी फिरत, काचेचे महाल उभारत मोठे झाले आणि मागे चॅट्सवर्थचे हिशेब, पत्रव्यवहार, माणसं या सेरानं सांभाळली. केळीला तिचं नाव लागायचा प्रश्नच नव्हता. पॅक्स्टनचंही लागलं नाही.

खोलीवार वाटेनं आणखीही काही सुटतं. एडन्सर नावाचं गाव महालातून दिसायचं. १८४० च्या आगेमागे सहाव्या ड्यूकांनी ते हलवून नजरेआड नवं, टुमदार वसवलं. नवी घरं चांगली होती, मान्य. पण गाव हलवावंसं वाटलं ते खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्यापायी. स्टॅफर्डशायरमधल्या एक्टनच्या खाणीतून त्यांच्या वडिलांना तांबं मिळे. त्या पैशावर बक्स्टन गावी चंद्रकोरीसारखी मोठी इमारत उठली. आयर्लंडातल्या कुळांचा खंड होता तो निराळाच. ही खाण, ती कुळं, त्यांच्या बायका कुठल्याच दिवाणखान्यात बसलेल्या नसतात. मग खोल्या मोजणाऱ्या पुस्तकात त्या येणार कुठून? घर किती दिव्यांनी उजळतं ते कळतं, तेलाचे पैसे कुठून आले ते कळत नाही.

तुलनेसाठी दुसऱ्या एका घराण्याचं पुस्तक आठवतं. 'नोल अँड द सॅकव्हिल्स', १९२२. लिहिणारी व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट ही त्या घरची एकुलती एक मुलगी. वडील १९२८ साली वारले आणि मुलगी म्हणून नोलचं घर तिला मिळालं नाही, काकाकडे गेलं. पुस्तक लिहितानाच तिला हे ठाऊक होतं. त्यामुळं तिच्या घरवर्णनात निरोप घेणारीचा जीव आहे. डेबोराबाईंच्या पुस्तकात घर हाताळणारीचा जीव आहे. लेकीला घर सोडायचं होतं म्हणून तिनं त्याची आठवण जपली; सुनेला ते चालवायचं होतं म्हणून तिनं बोळ मोजले. दोघींपैकी मालक कुणीच नव्हती.

आणि सुनेलाही घर सोडावं लागतंच. नवव्या ड्यूकांच्या पत्नी एव्हलिन वैधव्यानंतर हार्डविकला राहायला गेल्या, जुन्या पडद्यांची रफू करत बसल्या. घर सरकारला गेल्यावरही त्यांना राहू दिलं. १९६० साली त्या गेल्या. हार्डविकला राहिलेल्या घराण्यातल्या त्या शेवटच्या. खुद्द डेबोराबाईंचं तेच झालं. २००४ साली अकरावे ड्यूक वारले, मुलगा गादीवर आला आणि पुढं त्या महालातून निघून एडन्सर गावातल्या जुन्या पाद्रीबाबांच्या घरी राहायला गेल्या. वय पंच्याऐंशीच्या घरात. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ज्या घराचं दार न दार त्यांनी ओळखलं, ते रीतीप्रमाणं नव्या सुनेच्या हाती गेलं. त्यांनी कधी त्रागा केला नाही, उलट हसतमुखानं गेल्या असं सगळे सांगतात. २०१४ साली त्या वारल्या.

म्हणून या पुस्तकाला मी कमी लेखत नाही. घर टिकतं ते कुणाच्या तरी रोजच्या मोजमापानं, पुसण्यानं, शिवण्यानं, हे इतक्या मोकळेपणानं सांगणारं महालावरचं दुसरं पुस्तक मला माहीत नाही. त्रुटी आहे ती अशी की, बाईनं काय काय केलं हे सांगताना बाईला काय मिळालं हे ते विचारत नाही. बेसची अक्षरं बुरुजावर कशी चढली आणि शार्लटची पाच घरं तिच्या नावाशिवाय कशी पुढं गेली, या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या असत्या तर घराण्याचा इतिहास वेगळा दिसला असता. त्या शेजारी ठेवायचं काम आता वाचणारीनं करायचं.

हॅरिएटची पत्रंही छापलेली आहेत, बरं का. तिच्या मुलानं १८९४ साली दोन खंडांत काढली. त्यातली बरीचशी मोठ्या बहिणीला, थोरल्या जॉर्जियानाला लिहिलेली आहेत. 'द हाउस' हाती लागलं तर ती पत्रंही जवळ असू द्या. भावानं बहिणीला घर कसं दाखवलं ते एकीकडे वाचा, आणि ज्यांना घर मिळालं नाही त्या दोघी बहिणी एकमेकींशी काय बोलत होत्या ते दुसरीकडे.